कोकणातून ढेकूण घरी कसे न्यावेत

कोकणात जाऊन आलेला माणूस रिकाम्या हाताने परतत नाही. काजू, आमसुलं, फणसपोळी, कुळथाचं पीठ. हे सगळं महिन्याभरात संपतं. कायम टिकेल असं काही न्यायचं असेल तर ढेकूण न्या. वजन नाही, पॅकिंग नाही, आणि जोडीसुद्धा लागत नाही. एक फळलेली मादी पुरे. पोटभर रक्त मिळालं की ती दिवसाला दोन-चार अंडी घालते, आपल्या हवेत ती आठ-दहा दिवसांत फुटतात, आणि दीड-दोन महिन्यांत पिल्लं स्वतः संसाराला लागतात. बहीण-भाऊ असा भेदभाव त्यांच्यात नाही.

तयारी पोचण्याच्या वेळेपासून करावी. मुंबई-गोवा हायवेचे खड्डे मोजत रात्री साडेनऊला पोचलात तर उत्तम. जेवण तयार असतं, सुरमई तव्यावर असते, पोरं पेंगुळलेली असतात. दार उघडताच बॅग धाडकन पलंगावर टाकावी, चेन उघडून कपडे गादीभर पसरावेत आणि हात धुऊन पानावर बसावं.

काही लोकांना एवढंही जमत नाही. ते काय करतात हे माहीत असलेलं बरं, म्हणजे आपल्या हातून चुकूनही व्हायला नको. ते बॅग आधी बाथरूममध्ये कोरड्या लादीवर ठेवतात, कारण गुळगुळीत लादीवर ढेकणाला लपायला जागा नसते. मग मोबाइलचा टॉर्च लावून उशाकडून चादर उचलतात. माणसाचा श्वास आणि ऊब जिकडे, तिकडे वस्ती दाट. गादीच्या काठाची जाड शिवण बोटांनी उलगडतात, तिच्यातून एटीएम कार्ड फिरवतात, चारही कोपरे उचलून खाली बघतात. स्केचपेन टेकवल्यासारखे काळे ठिपके दिसले की ओला कापूस घासतात. तांबूस-तपकिरी फराटा उठला तर ती ढेकणाची विष्ठा, म्हणजे तुमच्या आधीच्या पाहुण्याचं पचलेलं रक्त. शिवणीत ढेकणाने टाकलेली मधाच्या रंगाची कात सापडते. खसखशीएवढी पांढरी अंडी लाकडाला चिकटवलेली असतात आणि फुंकरीने उडत नाहीत. मालक स्वतः भेटलाच तर अख्ख्या मसुराएवढा, तसाच तपकिरी आणि चपटा. चिरडला की कोथिंबीर कुजल्यासारखा वास. त्यानंतर हे लोक पलंगाच्या डोक्याकडची फळी, तिच्या स्क्रूची भोकं, पडद्याच्या चुण्या आणि भिंतीवरच्या तसबिरीची मागची बाजूही बघतात. या सगळ्याला दहा मिनिटं जातात आणि तोवर सुरमई गार होते. तुम्ही असलं काही करू नये.

खोली निवडताना ‘अस्सल कोकणी घर’ मागावं. गिलावा न केलेली जांभ्याची भिंत फोटोत फार सुंदर दिसते. जांभा म्हणजे नुसती भोकं. एटीएम कार्ड शिरेल एवढ्या फटीत ढेकणाचं कुटुंब राहतं, मग चिऱ्याच्या भिंतीत काय, अख्खी वाडी वसते. पलंग अशा भिंतीला घट्ट टेकवलेला असावा आणि चादर जमिनीवर लोळत असावी.

परीक्षा मात्र स्वच्छतेवरून करावी. चादर पांढरीशुभ्र, खोलीत एसी, खिडकीतून समुद्र, भाडं पाच हजार. अशा ठिकाणी ढेकूण असेलच कसा? ढेकूण घाण खात नाही, रक्त पितो, आणि पाच हजार भरणाऱ्याचं रक्त त्याला चालतं. तो उडत नाही, उडीही मारत नाही. कुणाच्या तरी सामानातून येतो. म्हणजे ज्या घरमालकाला तुम्ही मनातल्या मनात गलिच्छ म्हणता, त्याच्याकडे तो बहुधा तुमच्यासारख्याच कुणा पाहुण्याच्या बॅगेतून उतरलेला असतो. हे मनात आणू नये, सहलीची मजा जाते.

पहाटे तो येईल. पाच-दहा मिनिटं पिईल आणि परत फटीत जाईल. तुम्हाला कळणार नाही. सकाळी हातावर, मानेवर ओळीने तीन-चार गांधी उठतील, कधी दोन-चार दिवसांनी उठतील, काहींना उठतच नाहीत. त्यामुळे नवऱ्याच्या अंगावर वीस आणि बायकोच्या अंगावर एकही नाही असं झालं की ‘तुलाच काहीतरी होतं’ हा निष्कर्ष तयार असतो. बाहेर पडवीत यजमानांचंही निदान तयार असतं: “काल बांगडो खाल्लास ना? पित्त उठला असतला.” यात तथ्य नाही असं नाही, शिळ्या बांगड्याने अंगावर पित्त उठतंच. पण पित्ताच्या गांधी काही तासांत विरतात आणि अंगभर जागा बदलतात. ढेकणाच्या दिवसेंदिवस तिथेच खाजत राहतात, आणि त्याही उघड्या राहिलेल्या अंगावर. तुम्ही मात्र आमसुलाचा कोळ चोळावा, वर सोलकढी प्यावी आणि त्याच गादीवर दुसरी रात्र काढावी. ढेकणाने रोग पसरतो असं आढळलेलं नाही, तेव्हा घाबरण्याचं कारण नाही. फक्त झोप जाते.

समजा, संशय आलाच. यजमानांना बाजूला घेऊन ठिपक्यांचा फोटो दाखवणं आणि शेजारची, वरची, खालची सोडून लांबची खोली मागणं हा मार्ग आहे, पण त्यात लाज वाटते. त्याऐवजी शेजारचीच खोली घ्यावी, मधली भिंत जांभ्याचीच असते. किंवा बाजारातून डासांचा स्प्रे आणून गादीवर मारावा. त्याने थोडे मरतात, बाकीचे भिंतीत पांगतात. देशात 1953 पासून हिवतापासाठी डीडीटी फवारली, तेव्हापासून ढेकणांनी औषधं पचवायची सवय लावून घेतली आहे. आजच्या स्प्रेमधल्या पायरेथ्रॉइड नावाच्या औषधांचीही बऱ्याच ठिकाणी तीच गत.

खरी कसोटी घरी आल्यावर. इथे घाईच कामाला येते. बॅग सरळ बेडरूममध्ये, गादीवर. मळके कपडे चार दिवस टोपलीत. नंतर मशीन गार पाण्यावर लावावी, कारण गार पाण्याने सगळे ढेकूण मरतील याची खात्री नसते. गॅलरीतच कपडे पिशवीत बांधून थेट साठ अंशांच्या पाण्यात टाकले, किंवा ड्रायरमध्ये कडक आचेवर अर्धा तास फिरवले, तर अंड्यांसकट खेळ संपतो. ढेकूण पन्नास अंशांपुढे तग धरत नाही. आपल्या आज्या बाजेच्या सांध्यांत चुलीवरचं आधणाचं पाणी ओतायच्या त्याचं कारण हेच. मे महिन्यात गादी खळ्यात टाकायच्या त्याचंही हेच, पण त्या दर तासाला ती उलटायच्या, नाहीतर ढेकूण तापलेल्या बाजूने निघून खालच्या सावलीत जातो. तुम्ही एकदा टाकून संध्याकाळी उचलावी. जुलैत टाकलीत तर त्याहून चांगलं. पुस्तकं नि चपला फ्रीजमध्ये ठेवायच्या असतील तर उणे अठरा अंश आणि सलग चार दिवस लागतात. वर बर्फाचा छोटा कप्पा असलेल्या फ्रीजमध्ये एक रात्र ठेवलीत की ढेकणांना नुसता गारवा मिळतो.

डांबरगोळ्या ठेवाव्यात, कपाटाला छान वास येतो. पलंगाचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे करावेत. पलंग भिंतीपासून सुटा असेल आणि चादर वर खोचलेली असेल तर हा उपाय थोडाफार चालतो, म्हणून चादर लोळतीच ठेवावी. वाटीतलं पाणी आठवडाभर बदललं नाही की त्यात डेंग्यूचे डासही होतात.

एक गोष्ट मात्र थट्टेत बसत नाही. धान्यात ठेवायच्या कीडनाशक गोळ्या कुणी ढेकणांसाठी दिल्या तर घेऊ नका. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. बंद खोलीत ठेवलेल्या असल्या गोळ्यांनी घरातली आणि शेजारच्या खोलीतलीही माणसं मेलेली आहेत. रॉकेल शिंपडून काडी ओढणं त्याच माळेतलं.

पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलंत तर एकदाच बोलवा. दोन आठवड्यांनी तो परत येतो म्हणाला तर पैसे उकळतोय असं समजा. औषधाने अंडी बहुधा मरत नाहीत, दुसरी फेरी त्यांतून निघालेल्या पिल्लांसाठी असते, आणि ती चुकवलीत की पिल्लं निर्धास्त. दरम्यान हॉलमध्ये झोपायला जा. ऊब आणि श्वासाच्या मागावर ते हॉलमध्येही येतील, आणि एका खोलीचे ढेकूण दोन खोल्यांचे होतील.

बॅग मात्र व्हॅक्यूम न करता, तशीच चेन लावून माळ्यावर टाकावी. ढेकूण महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो. गणपतीला गावी जायचं असतंच. तेव्हा तीच बॅग उतरवायची आणि माजघरात आजीच्या बाजेवर नेऊन ठेवायची.