नंबर बँकेचा दिसला म्हणून माणूस बँकेचा होत नाही

रावेर-सावद्याच्या केळी उत्पादकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांपासून धुळ्यातल्या सोसायट्यांपर्यंत एक मेसेज फिरतोय. त्यात चार दावे आहेत: स्क्रीनवर बँकेचा नंबर दिसला तर बिनधास्त बोला, +९२ चा (म्हणजे पाकिस्तानच्या कोडचा) फोन उचलला की खातं रिकामं होतं, ##००२# दाबलं की फोन हॅक होत नाही, आणि ओटीपी सांगितला तरी तीन दिवसांत तक्रार केली की पूर्ण पैसे परत मिळतात. आता आमच्या नानांनीही तो पाठवलाय. नाना, तो पुढे पाठवू नका, आणि जिथे पाठवला असेल तिथून डिलीट करा.

पहिला दावा सगळ्यात घातक. स्क्रीनवर दिसणारा नंबर फोन करणाऱ्याच्या बाजूने येतो. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता कोणीही काहीही लिहावा, तसंच हे. इंटरनेटवरून कॉल लावणाऱ्या यंत्रणेत तिथे हवा तो आकडा भरता येतो. दूरसंचार विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये, परदेशातून भारतीय नंबर दाखवत येणारे कॉल अडवायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्या २४ तासांतच १ कोटी ३५ लाख कॉल अडले. नंबर खोटा असूच शकत नाही म्हणणाऱ्याने हा आकडा एकदा वाचावा. नाव दाखवणाऱ्या अ‍ॅपचाही भरवसा नको, कारण ते नाव नंबरला चिकटलेलं असतं, बोलणाऱ्या माणसाला नाही.

म्हणून असा फोन आला की बंद करा आणि एटीएम कार्डाच्या मागचा नंबर स्वतः टाइप करून लावा. कॉल लिस्टमधल्या नंबरवर बोट ठेवू नका. नंबर हुबेहूब बँकेचा असेल तर फोन खऱ्या बँकेत लागेल, पण एखादाच आकडा बदललेला असेल तर पुन्हा चोराकडेच जाल.

या पहिल्या दाव्यात अर्धं खरं आहे ते एवढंच: रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना व्यवहाराच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर वापरायला सांगितलं. तेव्हा साध्या मोबाइल नंबरवरून ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याला सरळ ठग समजा. पण १६०० दिसला म्हणूनही ओटीपी किंवा पिन सांगायचा नाही.

+९२ चं म्हणाल तर नुसता फोन उचलून पैसे जात नाहीत, पुढे तुम्ही काय सांगता आणि काय दाबता त्याने जातात. ##००२# ने कॉल फॉरवर्डिंग रद्द होतं, बाकी काही नाही. तेही कामाचं आहेच, कारण ‘कुरिअरवाला’ बनून फोन करणारा ठग *२१* आणि पुढे स्वतःच्या मोबाइलचे दहा आकडे दाबायला लावतो, मग तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात आणि व्हॉट्सअ‍ॅपचा फोनवर येणारा कोडही त्यालाच ऐकू जातो. त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशनमध्ये जाऊन सहा आकडी पिन आजच टाका.

चौथ्या दाव्याने लोक गाफील राहतात. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला याबद्दल परिपत्रक काढलं. तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकाचं शून्य नुकसान, हे त्यात आहे, पण चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही अशा प्रकरणात. तुम्ही स्वतः ओटीपी सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे तीन दिवस हातात नाहीत, मिनिटं आहेत. ‘सोमवारी शाखा उघडली की बघू’, ‘उद्या जळगावला जाऊन येऊ’ असं म्हणत बसलात तर तेवढ्या वेळात पैसे चार खात्यांत फिरून एटीएममधून निघालेले असतात.

आधी बँकेच्या हेल्पलाइनवरून खातं आणि यूपीआय बंद करून घ्या, आणि त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी त्याच्या फोनवरून १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावायला सांगा. तिथे खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि बारा आकडी यूपीआय व्यवहार क्रमांक विचारतात. तो क्रमांक पैसे गेल्याच्या मेसेजमध्येच असतो, म्हणून घाबरून तो मेसेज पुसू नका.