स्पेक्ट्रमचा असेंब्लर: फिरत्या संदेशातल्या तीन चुका

बडोद्यातल्या जुन्या संगणकांच्या हौशी मंडळींत एक संदेश फिरतो आहे: ‘झेडएक्स स्पेक्ट्रमसाठी मशीनवरच चालणारा असेंब्लर वापरा, पीसीवरचा कोड अस्सल नसतो. बाकी सगळे असेंब्लर सारखेच. बेसिकमध्ये परतताना प्रोग्रॅम कोसळला, तर असेंब्लर बदला.’ झेडएक्स स्पेक्ट्रम हा ऐंशीच्या दशकातला, झेड८० प्रोसेसरवर चालणारा घरगुती संगणक. असेंब्लर म्हणजे असेंब्ली भाषेतल्या सूचनांचे प्रोसेसरला कळणारे बाइट बनवणारा प्रोग्रॅम.

‘अस्सल’चा मुद्दा एका ओळीत निकालात निघतो. एलडी ए,५ (ए रजिस्टरमध्ये ५ भरा) ही सूचना कुठेही असेंबल करा, बाइट ६२ आणि ५ हेच येणार. भारतात विकल्या गेलेल्या डीबी स्पेक्ट्रमलाही तेच लागू. उलट मशीनवर असेंब्लर, मूळ मजकूर, लेबलांचा तक्ता आणि तयार कोड हे सगळं ४८ केबीत कोंबावं लागतं, त्यातले पावणेसात केबी तर स्क्रीनच खातो. एखादं लूप भरकटलं की मजकूर गेलाच, म्हणून चालवण्याआधी टेपवर सेव्ह करायचं. बडोद्याच्या मे महिन्यात आतला वीजदाब स्थिर ठेवणारा ७८०५ रेग्युलेटर तापून मशीन गोठतं, ते वेगळंच.

‘सगळे सारखेच’ हे मात्र खरं नुकसान करणारं वाक्य. स्पेक्ट्रमवरच्या डेव्हपॅक संचातला जेन्स हा असेंब्लर गणित सरळ डावीकडून उजवीकडे करतो: २+३*४ म्हणजे त्याच्या लेखी २०. पीसीवरच्या पास्मो या असेंब्लरमध्ये तेच १४. जुन्या मासिकातली लिस्टिंग पास्मोत टाकून तक्ता भलत्याच पत्त्यावर गेला, तर आधी अशी गणितं शोधा. जेन्स लेबलाची पहिली सहाच अक्षरं मोजतो, त्यामुळे स्प्राइट१ आणि स्प्राइट२ ही नावं रोमन लिपीत लिहिली की त्याला एकच वाटतात. पीसीवरच्याच एसजेएएसएमप्लस या असेंब्लरला एलडी बीसी,डीई (डीईतला आकडा बीसीत भरा) दिलं तर तो मुकाट्याने दोन सूचना घालतो. झेड८० मध्ये अशी सूचनाच नाही, म्हणून पास्मो चूक दाखवतो. शिकणाऱ्याला हा कडकपणाच बरा. पास्मोत टॅपबेस पर्याय (कोडआधी बेसिक लोडर जोडून टेप फाइल बनवणारा) वापरताना शेवटच्या एंड या शब्दापुढे सुरुवातीचा पत्ता द्यायला विसरू नका, नाहीतर कोड लोड होतो पण चालू होत नाही.

आता कोसळण्याचं. बेसिकच्या यूएसआर फंक्शनने बोलावलेला कोड परत जाताना आयवाय रजिस्टरमध्ये २३६१० आणि पर्यायी एचएल रजिस्टरमध्ये १००७२ असावं, अशी रॉमची, म्हणजे मशीनमधल्या कायमच्या प्रोग्रॅमची, अपेक्षा असते. ईएक्सएक्स (मुख्य आणि पर्यायी रजिस्टरांची अदलाबदल करणारी सूचना) वापरून पर्यायी एचएल बिघडवला की परतताना मशीन रीसेट होतं किंवा लटकतं. दहा असेंब्लर बदलले तरी होणारच. परतण्याच्या ‘रेट’ सूचनेआधी हे घाला:

ईएक्सएक्स
एलडी एचएल,१००७२
ईएक्सएक्स
एलडी आयवाय,२३६१०

कोड ३२७६८ पासून ठेवा आणि त्याआधी बेसिकमध्ये क्लिअर ३२७६७ द्या. त्याखालची १६ केबी रॅम यूएलए ही चिप स्क्रीन काढण्यासाठी वापरते आणि प्रोसेसरला थांबवते, त्यामुळे तिथे नेमकी वेळ साधत नाही.

छोट्या रूटीनला पास्मो घ्या. अनेक फाइलींचा खेळ असेल तर एसजेएएसएमप्लस. मोबाइलवरून इअर सॉकेटमध्ये टेप वाजवताना ‘आर टेप लोडिंग एरर’ आली, तर तिथेही असेंब्लरला हात लावू नका: एमपी३ऐवजी डब्ल्यूएव्ही फाइल घ्या, इक्वलायझर बंद करा, आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा.