दुबार बहरणाऱ्या लायलॅकला पानगळीनंतर कात्री लावू नका

वर्षातून दोनदा फुलणाऱ्या बुटक्या लायलॅक या सुवासिक फुलझुडपाविषयीचा एक चार कलमी सल्ला सध्या हातोहात फिरतो आहे. पानगळ झाली की झुडूप जमिनीपासून वीतभर ठेवून छाटावे, दर महिन्याला मुळाशी मूठभर एप्सम मीठ घालावे, जागा सावलीची असली तरी चिंता करू नये आणि एवढे केले की वसंतापासून थंडी पडेपर्यंत फुले अखंड येत राहतील, असे त्याचे सार आहे. माझ्या मावशीने हा सल्ला प्रमाण मानून कात्रीला धार लावून आणली, तेव्हा गप्प बसणे शक्य राहिले नाही.

सर्वांत घातक कलम छाटणीचे आहे. ब्लूमरँग या नावाने विकल्या जाणाऱ्या वाणांप्रमाणेच इतर दुबार बहरणाऱ्या लायलॅकचाही वसंतातला बहर जुन्या लाकडावर, म्हणजे आदल्या वर्षी वाढलेल्या फांद्यांवर येतो, आणि त्याच्या कळ्या पानगळीपूर्वीच तयार होऊन हिवाळाभर मिटून बसलेल्या असतात. ज्याला शंका असेल त्याने पाने झडल्यावर फांदीच्या टोकाकडची एखादी टपोरी कळी नखाने उभी चिरून पाहावी. खवल्यांच्या आड बारीक हिरवट दाण्यांचा घोस दिसतो, तोच पुढच्या वसंतातला तुरा. वीतभर ठेवून छाटणारा हा सगळा बहर कचऱ्यात टाकतो आणि पुढे फुले आली नाहीत की दोष रोपवाटिकेला देतो.

छाटणीने फुले वाढतात यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. दुसरा बहर मुख्यतः त्याच वर्षीच्या नव्या फुटव्यावर येत असल्यामुळे पहिली फुले सुकताच हलकी छाटणी केली, तर त्याला हातभार लागतो. मात्र हलकी म्हणजे सुकलेले तुरे आणि फार तर त्यांच्याखालची थोडी फांदी. झुडूप जुनाट होऊन आतून गचपण झाले असेल, तर याच वेळी सर्वांत जुन्या खोडांपैकी एक तृतीयांश जमिनीलगत कापावीत आणि उरलेल्यांची पाळी पुढच्या वर्षांत आणावी. मुळात 4 ते 5 फुटांवर थांबणारे झुडूप दरवर्षी वीतभर करण्याची गरज कोणाला भासली, हे कळत नाही.

एप्सम मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या उद्यानविद्यातज्ज्ञ लिंडा चॉकर-स्कॉट यांनी या मिठाविषयीचे संशोधन तपासून काढलेला निष्कर्ष पुरेसा स्पष्ट आहे: मॅग्नेशियमची कमतरता सिद्ध झालेल्या पिकांना त्याचा उपयोग होऊ शकतो, पण घरच्या बागेत ते सरसकट घालण्याला शास्त्रीय आधार नाही. मातीत मॅग्नेशियम वाजवीपेक्षा जास्त झाले, तर मुळांना कॅल्शियम आणि पालाश (पोटॅशियम) घेण्यात उलट अडथळा येतो. लायलॅकला निचऱ्याची, 6.5 ते 7 च्या आसपास सामू (आम्लतेचे मान, pH) असलेली जमीन मानवते. माती तपासून घेतली की मुठी मोजत बसावे लागत नाही. नत्रयुक्त खताचा मारा केल्यास पाने माजतात आणि फुले कमी होतात, हेही जाता जाता सांगायला हवे.

सावलीच्या कलमावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. दिवसाला किमान 6 तास थेट ऊन मिळाले नाही, तर फुले विरळ येतात, आणि दाट, कोंदट जागेत पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, पडण्याचा धोकाही वाढतो.

राहिला अखंड फुलांचा दावा. वसंतातल्या भरघोस बहरानंतर ही झुडपे उन्हाळ्याच्या ऐन तापात काही आठवडे विसावतात आणि मग थंडी पडेपर्यंत थांबून थांबून फुलतात. या दुसऱ्या खेपेचे तुरे लहान आणि विरळ असतात. ही विश्रांती म्हणजे रोग नव्हे, त्यामुळे त्या काळात खत वाढवू नये. माती बोटभर खोलवर कोरडी लागली की सावकाश, मुरेल असे पाणी द्यावे आणि खोडाला टेकणार नाही असे आच्छादन राखावे.