दिवाळीला नको, घटाला या

आमच्या घरच्या ग्रुपवर आतापासूनच दिवाळीच्या तिकिटांची चर्चा सुरू झालीय. कोण वसुबारसेला येणार, कोण पाडव्याला, कुणाच्या ऑफिसला किती सुट्टी. मी मध्येच लिहिलं, यंदा दिवाळीला नाही आलात तरी चालेल, घटाला या, म्हणजे नवरात्र बसतं तेव्हा. त्यावर हसणारे चेहरे आले आणि भावजींचा मेसेज आला, "वहिनी, घटाला येऊन करायचं काय? तुमचे तर उपवास असतात." म्हणून हे जरा लांबलचक लिहितेय. ग्रुपवर एवढं कुणी वाचत नाही.

दिवाळीला तुम्ही येता तेव्हा गाव आवरून बसलेलं असतं. सोयाबीन विकून झालेलं, घर रंगवून झालेलं, चकल्यांचे डबे भरलेले, पोरांच्या किल्ल्यावर हळीव उगवून आलेले. तुम्ही पाव्हण्यासारखे येता आणि पाव्हण्यासारखे जाता. वर पुण्यात जाऊन सांगता, गावाकडं कसं निवांत असतं! निवांत? घटाच्या आदल्या आठवड्यात येऊन बघा.

आमचं गाव पलूस तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. भाद्रपद संपत आला की इथं सगळं एकदम अंगावर येतं. सोयाबीन कापायला आलेलं असतं, भुईमूग उपटायचा असतो, भावकीतल्या म्हाळाची जेवणं रोज कुठं ना कुठं असतात, आणि घट बसायच्या आत घरातलं एकूण एक कापड धुऊन निघालं पाहिजे. चादरी, पडदे, उशांचे अभ्रे तर झालेच, पण खरा मामला वाकळांचा, म्हणजे जुन्या लुगड्या-धोतरांचे थर शिवून केलेल्या जाड गोधड्यांचा. वाकळ मशीनमध्ये जात नाही. जाऊबाईंनी एकदा हौसेनं घातली होती, तर मशीन गुरगुरून बंदच पडलं.

पूर्वी हे धुणं नदीला असायचं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगतात, बैलगाडीत वाकळा, घोंगडी, पितळी भांडी, पोरं आणि भाकरीचं गठुळं भरून घाटावर जायचं, ते दिवस मावळताना परत यायचं. आता भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात नदीत मगरी आहेत, बाया पाण्यात उतरायला धजत नाहीत. मग धुणं गेलं मळ्यातल्या विहिरीवर, मोटरीच्या पाण्याखाली. शेतीच्या लाईटला पाळी असते, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. त्यामुळं आमच्याकडं धुण्याचा दिवस पंचांग बघून ठरत नाही, लाईटची पाळी बघून ठरतो.

भिजलेली वाकळ एका माणसाला उचलत नाही. दोन टोकांना दोघी उभ्या राहतात आणि उलट-सुलट पीळ घालतात, तिसरी मधलं ओझं पेलते. पीळ घट्ट होत गेला की वाकळेतून आधी धार लागते, मग थेंब, आणि शेवटी हात भरून येतात तरी मधला भाग ओलाच राहतो. आमच्या एका थोरल्या वाकळेचा कोपरा उसवलाय. त्यातून आजेसासूबाईंचं हिरवं इरकल लुगडं दिसतं, त्याच्याखाली मामांचं, म्हणजे सासऱ्यांचं, धोतर, आणि त्याच्याही खाली एक खाकी तुकडा. तो कशाचा म्हणून विचारलं, तर आत्याबाई म्हणाल्या, "तुझ्या दिराची शाळंतली चड्डी हाय ती." भावजी, तुम्ही हिंजवडीला कितीही मोठे साहेब झालात, तरी इथं दरवर्षी आम्ही तुमची चड्डी पिळतो, एवढं ध्यानात असू द्या.

वाळत घालायला बांधावरचं कुंपण, दोरी, ट्रॉलीचा कठडा, मिळेल ती जागा. या दिवसांतलं ऊन सोसत नाही, पण धुण्याला त्याच्यासारखं ऊन नाही. दुपारी तिथंच बसून जेवायचं. भाकरी, खरडा, दही, कच्चा कांदा आणि नुकत्या उपटलेल्या भुईमुगाच्या शेंगा, मीठ घालून उकडलेल्या. शेंग दाबली की आतलं कोमट खारट पाणी तोंडात येतं. पुण्यात हातगाडीवर उकडलेल्या शेंगा मिळतात, मी खाल्ल्यात. कुणाचं मन दुखवायचं नाही, पण त्या शेंगा नव्हेत.

आणि मग तीनच्या सुमाराला पूर्वेकडून काळं भरून येतं. परतीचा पाऊस सांगून येत नाही, येतो तो कडकडाट करत. मामा खळ्यावरून ओरडतात, "आधी सोयाबीन झाका!" आत्याबाई विहिरीवरून ओरडतात, "आधी वाकळा गोळा करा!" ताडपत्री एकच. शेवटी सोयाबीनच जिंकतं, कारण भिजलं की ओलावा चढतो, आणि ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की भाव पाडायला निमित्तच मिळतं. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला होता. तो आम्ही मोबाईलवर वाचला, व्यापाऱ्याच्या पट्टीवर काही दिसला नाही. वाकळा मात्र भिजतात आणि दुसऱ्या दिवशी परत पिळाव्या लागतात. तरी त्या धावपळीत सगळे जेवढे हसतात, तेवढे लक्ष्मीपूजनाला नव्या कपड्यांत फोटो काढताना हसत नाहीत, हे माझं स्पष्ट मत आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं, त्या वर्षी धुवायला वाकळाच उरल्या नव्हत्या. भिजून कुजलेल्या सगळ्या टाकून द्याव्या लागल्या होत्या. ही उसवलेली तेवढी वरच्या मजल्यावरच्या ट्रंकेत होती म्हणून वाचली. तरी घटाच्या आधी थोरल्या काकींनी उरलीसुरली भांडी अंगणात मांडली आणि चिंच लावून घासत बसल्या. कुणी काही बोललं नाही, एकेक जण जाऊन शेजारी बसलं.

घट बसले की घराचं वेळापत्रकच बदलतं. तारीख विसरली तरी चालते, माळ कितवी ते विसरून चालत नाही. पत्रावळीवर रानातली माती, तिच्यात धान्य, मधोमध लोटका. रोज नवी माळ, कधी झेंडूची, कधी विड्याच्या पानांची, कारळ्याची फुलं मिळाली तर फारच छान. पोरं शाळेत जाताना आणि आल्यावर कोंब किती वर आले ते बोटानं मोजतात. सातव्या-आठव्या माळेला कडाकण्या. पीठ गोड पाण्यात घट्ट मळायचं, पातळ लाटायचं, दोरा ओवायला भोक पाडायचं आणि तळायचं. गोल झाल्या की मग देवीची फणी, वेणी, जोडवी असं एकेक. दोऱ्यात ओवून घटावर टांगल्या की दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. आमचा धाकटा देवघरासमोर अभ्यासाला बसतो ते फक्त याच दिवसांत.

आता जरा कडू बोलते. हे सगळं गोड वाटतं, पण नऊ दिवस शाबू आणि वरीवर राहून सोयाबीन कापायला जाणाऱ्या बाईला विचारा. दिवा विझू नये म्हणून रात्री उठायचं तिनंच, कडाकण्या लाटायच्या तिनंच. घरातले पुरुष नवरात्रात चप्पल सोडतात, अनवाणी फिरतात, त्याचं गावभर कौतुक होतं. असू दे, श्रद्धा आहे. पण देवीला पायांइतकेच हातही चालत असतील. वाकळेच्या दुसऱ्या टोकाला एक पुरुष उभा राहिला तर व्रत मोडत नाही. आमच्या ह्यांनी मागच्या वर्षी पीळ घालायला सुरुवात केली, गल्लीत दोन दिवस थट्टा झाली, मग शेजारचेही आले. मी उठता-बसता उपवास धरते, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशी, त्यावर आत्याबाई अजून नाराज आहेत. त्यावर एक वेगळी पोस्ट होईल.

दसऱ्याला संध्याकाळी घटातले तुरे टोपीत खोचून माणसं शिलंगणाला निघतात, ते मी सांगायला नको, तुम्ही ते लहानपणी केलंय. फक्त सोनं म्हणून आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडू नका. बाजारात विकतात ती पानं तर बऱ्याचदा कांचनाची असतात. चार पानं पुरतात, थोरल्यांच्या पाया पडायला तेवढी बास.

तर भावजी, येऊन करायचं काय, याचं उत्तर हे. दोन्हीला सुट्टी मिळणार नसेल तर दिवाळीची रद्द करा, फराळ आम्ही पार्सल करतो. जुने कपडे आणा, पोरांना आणा. त्यांना शेंगा तोडायला बसवू. किर्लोस्करवाडी स्टेशनला उतरलात की फोन करा, कोणीतरी गाडी घेऊन येईल. मळणीचं मशीन त्याच दिवशी मिळालं असेल, तर मात्र रिक्षा करून या.