सायकल आहे ती, भंगार नाही!

पुण्याला एकेकाळी सायकलींचं शहर म्हणायचे ना, मग त्याच पुण्यात सायकल धड दुरुस्त करणारा एक माणूस मिळू नये? दोन महिने फिरतोय. पहिल्याने गिअर बघूनच हात वर केले. दुसऱ्याने सर्व्हिसिंग म्हणून प्रेशरने पाणी मारलं, बेअरिंगमधलं ग्रीस धुवून काढलं आणि वर ५०० रुपये घेतले. तिसऱ्याकडे मागच्या चाकाचा आऊट काढायला, म्हणजे डुगडुगणारं चाक सरळ करायला दिली तर स्पोक इतके ताणले की आठवड्यात दोन तुटले. आणि काल तर कहरच, शिमानो कंपनीचे हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक, त्यात मिनरल ऑइलच लागतं, आणि हा मोटरसायकलच्या ब्रेकचं डॉट फ्लुइड ओतायला निघाला! अरे सील खराब होतात त्याने, उद्या सिंहगडाच्या उतारावर ब्रेक लागला नाही तर कोण जबाबदार?

मोठ्या दुकानात जावं तर "आमच्याकडून घेतली नाही ना, पंधरा दिवस लागतील". तोवर मी ऑफिसला कसा जाऊ?

चेन किती झिजलीय ते मोजायची साधी पट्टी येते, आठ-नऊ गिअरवाली चेन ०.७५ टक्के ताणली की बदलायची, बस. एकानेही मोजली नाही, सगळे थेट "पूर्ण सेट बदला साहेब". का?

लहानपणी आमच्या गल्लीतले काका सायकल उलटी करून चाक फिरवायचे, बोटाने एकेक स्पोक वाजवून बघायचे, बेअरिंगचे छर्रे तळहातावर घेऊन दाखवायचे, हा बघ, खड्डा पडलाय. असा माणूस कुठे असेल तर सांगा, वीस किलोमीटर सायकल ढकलत येईन.