गरम स्टेटला जायचं की नाही, आणि समाचा बंगला विकायचा की नाही

नवऱ्याच्या कंपनीनं विचारलंय, टेक्सासमधे डॅलसजवळ प्लेनोच्या ऑफिसला ट्रान्स्फर घेणार का. तेव्हापासून आमच्याकडे जेवायला बसलं की दुसरा विषयच नाही. आम्ही मिनेसोटात, मिनियापोलिसच्या बाहेर राहतो, म्हणजे थंडी सुरू झाली की महिनोन्‌महिने लॉन दिसत नाही आणि डिसेंबरात साडेचारला अंधार. ओळखीतले बरेच जण आधीच टेक्सासला नाहीतर फ्लोरिडाला गेलेत, आणि गेलेला प्रत्येक जण पहिली वारी करून आलेल्या माणसासारखा बाकीच्यांच्या मागे लागतो, चला चला, इकडे स्टेट इन्कम टॅक्स नाही, घरं मोठी, जानेवारीत पोरं बाहेर क्रिकेट खेळतात, गणपतीला ढोलताशा असतो, तुम्ही काय त्या बर्फात करताय.

आता उन्हाचं म्हणाल तर मी बडोद्याची आहे. लहानपण दांडिया बाजारात गेलं, मग बाबांनी तिथल्याच समा भागात प्लॉट घेऊन बंगला बांधला, गच्चीवर पाणी मारून गाद्या घालायच्या आणि तरी रात्री बारापर्यंत फरशी गरम लागायची. डॅलसला शंभर फॅरेनहाइट झालं की इकडे न्यूजमधे केवढा आरडाओरडा. शंभर म्हणजे अडतीस, आणि मे महिन्यात बडोद्यात अडतीस असलं तर लोक म्हणतात आज जरा बरं आहे. त्यामुळे कागदावर बघितलं तर मी पहिली बॅग भरायला पाहिजे. पण मन तयार नाही, आणि त्याचं कारणही बडोदंच आहे.

२०२४ च्या ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्रीला जो पूर आला तो आमच्या घरात आला. नदीची डेंजर लेव्हल २६ फूट, तेव्हा काळा घोडा पुलाजवळ पाणी ३५ च्याही वर गेलं होतं. बाहेरच्यांना वाटतं पूर म्हणजे गेटमधून लोंढा आत येतो. तसं नाही होत. आईनं सांगितलं ते असं की आधी मोरीच्या जाळीतून बुडबुडे यायला लागले, मग टॉयलेटमधून काळं पाणी वर आलं, तेव्हा गेटबाहेरचा रस्ता अजून निम्मा कोरडा होता. दादानं आणि शेजारच्या पटेलकाकांनी मिळून फ्रिज डायनिंग टेबलावर चढवला, देव माळ्यावर गेले, आईबाबा पहिल्या मजल्यावर, आणि लाइट गेलेली, फोनची बॅटरी वाचवायची म्हणून मला दिवसातून एक मेसेज, "ठीक आहोत". इकडे मी रात्रभर मगरींचे व्हिडिओ बघत बसलेली, कारण आपल्या नदीत मगरी आहेत आणि त्या पाण्याबरोबर सोसायट्यांमधे येतात हे बडोद्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पाणी उतरल्यावर जो गाळ राहिला तो काढायला मिळेल तो माणूस मागेल ते पैसे घेत होता. गोदरेजच्या कपाटावर कमरेच्या उंचीला एक रेघ आहे, आईनं तीनदा घासली, जात नाही.

तर तेव्हापासून घरी वाद चालू आहे. दादा म्हणतो बंगला विकू आणि बडोद्यातच भायली भागात फ्लॅट घेऊ, पाचव्या मजल्यावर. आई म्हणते पाणी येतं आणि जातं, २०१९ ला पण आलंच होतं, एका दिवसात वीस इंच पडला होता, आपण मेलो का? बाबा काही बोलत नाहीत, झोपाळ्यावर बसून पेपरमधलं आजवा धरणाच्या लेव्हलचं आकडा-आकडा वाचून दाखवतात. आणि गावात जो मोठा वाद आहे तोच घरात पण आहे, चूक कोणाची. कोणी म्हणतं आजव्याचं पाणी उशिरा सोडलं, कोणी म्हणतं नदीच्या पात्रात बांधकामं झाली, कोतरं, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या घळी, बुजवून त्यावर बिल्डरांच्या स्कीमा उभ्या राहिल्या, मग पावागढकडून आलेलं पाणी जाणार कुठे. माझं मत विचाराल तर दुसरी गोष्ट जास्त खरी आहे, कारण आजवा सयाजीरावांच्या काळापासून तिथेच आहे, पण समा-सावली रोडच्या आजूबाजूला माझ्या लहानपणी जी खड्ड्याखड्ड्याची झाडोऱ्याची जमीन होती ती आता दिसत पण नाही. २०२५ च्या पावसाळ्याआधी नदी खोल-रुंद करायचं मोठं काम झालं, ते चांगलंच झालं, पण त्यावरून आई लगेच म्हणायला लागली की आता काय भीती नाही, ते काही मला पटत नाही.

मी फॅमिली ग्रुपवर लिहिलं की विका, तर काकांचं उत्तर आलं, तुला तिकडून बोलायला काय जातं, तू तुझं घर शून्याच्या खाली तीस डिग्रीत ठेवलंयस ते विक आधी. सगळ्यांनी अंगठे टाकले. मला हसू आलं पण खरं सांगायचं तर त्यानंतरच मी डॅलसचा नीट विचार करायला बसले.

लोक जागा ठरवताना रोजची हवा बघतात. रोज काय टोचतं, बर्फ टोचतो का घाम टोचतो. मी आता असं बघते की त्या जागेचा सगळ्यात वाईट आठवडा कसा असतो, आणि त्या आठवड्याचं बिल कोणाच्या नावावर फाटतं. मिनेसोटाचा वाईट आठवडा मला माहीत आहे. २०१९ च्या जानेवारीत मिनियापोलिसला उणे २८ फॅरेनहाइट झालं, म्हणजे आपल्या हिशोबात उणे तेहतीस सेल्सिअस. शाळा बंद, पोस्टानं त्या दिवशी टपाल वाटलं नाही, आणि गॅस कमी पडायला लागला तेव्हा लोकांना सांगितलं की थर्मोस्टॅट ६३ फॅरेनहाइटवर, म्हणजे सतरा सेल्सिअसवर, आणा. आम्ही दोन स्वेटर घालून खिचडी खाल्ली, बास. म्हणजे थंडी भयंकर आहे पण तिची सगळ्यांनी मिळून तयारी केलेली आहे. एक ऑक्टोबर ते तीस एप्रिल इकडे बिल थकलं तरी पेमेंट प्लॅन लावून घेतला आणि पाळला तर हीटिंग तोडता येत नाही, तसा नियमच आहे. भाड्याच्या घरात हिवाळाभर ६८ पर्यंत हीटिंग देणं घरमालकाला भाग आहे. बर्फ पडला की शहर स्नो इमर्जन्सी लावतं, आज या बाजूला गाडी लावू नका उद्या त्या बाजूला, नाही ऐकलं तर उचलून नेतात, शिव्या देत दंड भरायचा, पण सकाळी रस्ता मोकळा असतो. पाण्याचे पाइप आतल्या भिंतीत असतात. म्हणजे थंडीचं ओझं वाटून घेतलंय.

आता टेक्सासचा वाईट आठवडा बघा. २०२१ च्या फेब्रुवारीत डॅलसला उणे २ फॅरेनहाइट झालं. आमच्यासाठी ते म्हणजे साधा मंगळवार, पण तिथे वीजच गेली, पंचेचाळीस लाख घरांची, आणि टेक्सासची विजेची ग्रिड बाकी देशापासून जवळजवळ वेगळी असल्यामुळे बाहेरून फारसं काही घेता येईना. घरांचे पाइप माळ्यावरून गेलेले, ते फुटले. सरकारी आकडा २४६ माणसं गेल्याचा आहे. थंडीला कंटाळून मिनेसोटाहून तिकडे गेलेली आमची एक मैत्रीण त्या दिवसांत गाडीत हीटर लावून फोन चार्ज करत बसली होती. तीच अजूनही मला म्हणते या, या. यार, काय बोलणार.

आणि फ्लोरिडातलं टॅम्पा. नवऱ्याचा एक मित्र तिथे आहे, बीचपासून वीस मिनिटं, फोटो बघून कोणालाही जावंसं वाटेल. २०२४ लाच, आमच्या घरातला गाळ काढून महिना होत नाही तोवर, सप्टेंबरच्या शेवटी हेलीन आलं आणि ऑक्टोबरच्या नऊला मिल्टन, दोन आठवड्यांत दोन वादळं. तेच हेलीन पुढे वर सरकून नॉर्थ कॅरोलायनात अ‍ॅशव्हिलला गेलं, आणि ते गाव तर लोक हवामानाच्या दृष्टीनं सेफ म्हणून निवडत होते, डोंगरात, समुद्र लांब. तिथे नद्यांनी जे केलं ते बघून बाबांनी इकडे मेसेज केला, "हे तर आपल्या सारखंच".

पण बाबांना मी जे सांगितलं ते त्यांना खरं वाटेना. अमेरिकेत घराचं इन्शुरन्स जवळजवळ सगळ्यांकडे असतं, कारण बँक लोनच देत नाही त्याशिवाय, पण त्या साध्या पॉलिसीत पूर नसतो. पुराची वेगळी पॉलिसी घ्यायची, सरकारी फ्लड प्रोग्राममधे घराला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि सामानाला एक लाख, आणि घेतली की साधारण तीस दिवसांनी लागू होते, म्हणजे वादळ टीव्हीवर दिसल्यावर धावून उपयोग नाही. २०१७ ला हार्वी वादळानं टेक्सासचं ह्यूस्टन बुडवलं तेव्हा खूप घरांकडे ही पॉलिसी नव्हतीच. आपल्याकडे बरोब्बर उलटं आहे. २०२१ पासून जी भारत गृह रक्षा पॉलिसी आली तिच्यात पूर धरलेला आहे, पण घेतो कोण? आमच्या अख्ख्या सोसायटीत कोणी घेतलेली नव्हती, बाबांनी पण नाही, आणि दादा तर मोटरसायकलचं इन्शुरन्स पण पोलिसांच्या भीतीनं काढतो.

डॅलस समुद्रापासून लांब आहे, मान्य, वादळ तिथे तसं येत नाही. पण गारा पडतात, छप्परं फोडणाऱ्या, आणि गारांसाठी डिडक्टिबल बऱ्याच वेळा घराच्या इन्शुरन्सच्या रकमेच्या टक्क्यात असतं, एक टक्का, दोन टक्के. चार लाखाच्या घराला दोन टक्के म्हणजे आठ हजार डॉलर आधी आपल्या खिशातून. शिवाय स्टेट टॅक्स नाही ठीक, पण काही सबर्बमधे प्रॉपर्टी टॅक्स घराच्या किमतीच्या दोन टक्क्यांच्या आसपास जातो, आणि नोकरी गेली तरी तो भरावाच लागतो. हे तिकडे गेलेले लोक फोनवर सांगत नाहीत. व्हिसाचं तर सोडाच, नवऱ्याचं अजून एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, आहे, शहर बदललं की त्याची अमेंडमेंट, ग्रीन कार्डचं पर्म, म्हणजे कंपनीनं करायची पहिली पायरी, बहुतेक परत पहिल्यापासून, फक्त रांगेतली तारीख टिकते. तो भाग वकिलाचा.

नवऱ्याची बाजू अगदीच वाऱ्यावर सोडत नाही मी. त्याची कंबर बर्फ उपसायच्या फावड्यानं गेली आहे, सासूबाई हिवाळ्यात इकडे येऊ शकत नाहीत, आणि डिसेंबर-जानेवारीत अंधारामुळे माझं स्वतःचं डोकं कसं होतं ते त्यालाच माहीत आहे. सहा महिने कोणी कोणाच्या घरी सहज टपकत नाही. बडोद्यात संध्याकाळी शेव उसळ खायला निघालेला माणूस चार ओळखीच्यांना भेटून दहाला परत येतो, इकडे कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना शेजारी दिसला तर दिसला. ही किंमत आहे आणि ती रोज थोडी थोडी जाते, एका आठवड्यात दिसत नाही म्हणून ती नाही असं नाही. आईचं पण हेच म्हणणं आहे खरं तर. तिला पाचवा मजला नको कारण तिथे ओटा नाही, पटेलकाकू नाहीत, भाजीवाला खालून हाक मारणार आणि ती वरून काय सांगणार. मला तिचं पटतं, तरी मी विका म्हणते, कारण पुढच्या वेळी फ्रिज उचलायला बहात्तर वर्षांचे बाबा पुढे होणार.

एका गोष्टीत मात्र अमेरिकेनं शहाणपणा केलाय. टेक्सासमधे हार्वीनंतर, २०१९ पासून, घर विकणाऱ्याला आधी पूर आला होता का ते लिहून द्यावं लागतं, फ्लोरिडातही २०२४ च्या ऑक्टोबरपासून तसं झालंय, आणि पत्ता टाकला की फ्लड मॅप दिसतो. आमच्या समाच्या बंगल्याला उद्या गिऱ्हाईक आलं तर एजंट म्हणतोय रंग काढून घ्या, कपाट हलवा, कोणाला काय कळतंय. दादा तयार आहे. त्यावरून आमचं फोनवर चांगलंच वाजलं, कारण कोणी तरी दुसरी आई त्या मोरीच्या जाळीशेजारी राहायला येणार ना.

सध्या तरी माझं मत डॅलसला नको असंच आहे, टॅम्पाला तर नाहीच. नवऱ्याला महिनाअखेर कंपनीला कळवायचंय आणि तो अजून हो-नाहीच्या मधे आहे. त्याला मी सांगितलंय की हो म्हणायच्या आधी प्लेनोतल्या दोन-तीन खऱ्या घरांचे पत्ते काढ आणि इन्शुरन्सचं कोटेशन लेखी मागव, छपराचं डिडक्टिबल वेगळं लिहून. दादाला सांगितलंय की भायलीच्या बिल्डरला विचार, या जमिनीवर आधी काय होतं, शेत का कोतर, आणि त्याच्या बोलण्यावर जाऊ नको, गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला पण विचार.