आमच्याला काही होत नाही

फटाक्यांची रात्र जवळ आली की घरातल्या कुत्र्या-मांजराचं काय करायचं, असा प्रश्न काही हळव्या लोकांना पडतो. तुम्हाला तो पडू नये, एवढ्याचसाठी हा लेख. प्रश्न पडू न देणं तसं अवघड नसतं. त्यासाठी चार शब्दांचा एक मंत्र आहे: ‘आमच्याला काही होत नाही.’ कुत्र्यासमोर तो म्हणायची गरज नाही, कारण त्या वेळी कुत्रा समोर नसतोच, पलंगाखाली असतो. मंत्र शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर म्हणायचा. हातात काडेपेटी असताना म्हटला तर जास्त लागू पडतो.

या मार्गावर तुम्ही एकटे नाही. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्री पाळणाऱ्यांना विचारून पाहिलं होतं. २०१३ साली ते छापून आलं. तुमचा कुत्रा आवाजाला घाबरतो का, असं सरळ विचारल्यावर साधारण पाव मालक ‘हो’ म्हणाले. पण आवाज झाल्यावर तो थरथरतो का, लपतो का, अंगाला चिकटतो का, असं एकेक खोदून विचारलं तेव्हा जवळजवळ निम्म्या कुत्र्यांमध्ये भीतीचं किमान एक तरी लक्षण निघालं. मधे जो फरक उरला, ते आपले लोक. डोळ्यांदेखत कुत्रा कापत असतो आणि यांना तो घाबरलेला दिसत नाही. ही नजर उपजत नसते, कमवावी लागते.

कमवायची तर आधी कानाचा विषय उडवून लावा. कोणीतरी शहाणा सांगेलच की माणसाला २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला साधारण ४५,००० पर्यंतचे, आणि मांजराला तर ८५,००० च्या आसपासचेही. तुम्ही म्हणा, ‘मग बरंच की! पैसे आम्ही मोजतो आणि मांजराला चौपट ऐकायला मिळतं, तेही फुकट.’ त्याने डेसिबलचं काढलंच, तर जागतिक आरोग्य संघटनेकडे बोट दाखवा. तिच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत एकदम दणकन होणाऱ्या आवाजाची मर्यादा मोठ्यांसाठी १४० डेसिबल आणि मुलांसाठी १२० आहे. (मोठा बॉम्ब जवळून मोजला तर दीडशेच्या पुढे जाऊ शकतो, पण मोजायला जवळ जातंय कोण?) कुत्र्यांचा रकाना तिथे नाही. रकाना नाही म्हणजे मर्यादा नाही, हे कुठल्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला पटेल.

आता मुख्य अभ्यास लक्षणांचा. नवशिके इथेच फसतात. कुत्रा जीभ काढून धापा टाकू लागला की म्हणायचं, उकडतंय त्याला. बाहेर थंडी असली तरी हेच म्हणायचं. जांभया देतोय? झोप आलीय. सारखे ओठ चाटतोय? भूक लागलीय. पुढ्यात ठेवलेलं खात नाही? माजलाय, रोज आयतं मिळतं ना. शेपूट पोटाशी, कान मागे, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, या सगळ्याला मिळून ‘नाटकी’ हा एक शब्द पुरतो. पायात पायात येतोय, मांडीवर चढू बघतोय, तर किती लळा आहे म्हणून फोटो काढावा. गालिच्यावर मुतला तर मात्र तो सूड. कुत्र्याला सूड घेता येतो पण भीती वाटत नाही, यात काही विसंगती आहे का हे शोधत बसू नका. शोधलंत की अभ्यास बिघडला.

मांजर त्याहून सोपं, कारण ते बहुतेक वेळा ओरडतच नाही. कपाटावर, बॅगांच्या मागे, चारी पाय अंगाखाली घेऊन तासन् तास न हलता, पाण्यालाही न उतरता ते बसून राहतं आणि तुम्हाला पाहुण्यांना सांगता येतं, ‘आमची मनी बघा, कशी शांत झोपलीय.’ ससा तर आदर्शच. शिकार होणाऱ्याची जात, जिवावर बेतलं की दगड होऊन बसायचं, फार तर मागचा पाय आपटून बाकीच्या सशांना सावध करायचं. पिंजऱ्यात बाकीचे ससे नसले तरी तो आपटतो. ‘नाचतोय’ म्हणा. पक्षी थोडी अडचण करतात. कॉकाटील हा छोटा पोपट अंधारात दचकला की तारांवर धडका घेत सुटतो, त्याची नुकती फुटलेली, आत रक्त असलेली पिसं मोडतात आणि सकाळी पिंजऱ्यातल्या कागदावर लाल ठिपके दिसतात. पण कागद बदलता येतो.

हे सगळं मी अधिकाराने सांगतोय, कारण या परीक्षेत काही वर्षं मीच पहिला येत होतो. आमच्या कुत्र्याचं नाव शेरू. नावातच शौर्य असल्यामुळे पुढचं तपासायची गरज वाटली नव्हती. अशाच एका रात्री न्हाणीघरात गेलो तर कोरड्या फरशीवर ओल्या पावलांचे ठसे. नळ कोणी उघडा ठेवला म्हणून घरभर ओरडून घेतलं, फडकं मारलं. दहा मिनिटांनी पुन्हा तसेच ठसे, चार बोटं आणि मागची गादी अगदी स्पष्ट उमटलेली. नळ तर बंद. कुत्र्याला घाम येतो तो तळपायांना, हे मला तोवर माहीत नव्हतं. शेरू बादलीमागच्या कोपऱ्यात तोंड खुपसून उभा होता. बसलासुद्धा नव्हता. वरच्या झरोक्यात उजेड चमकला की खांद्यापासून शेपटीपर्यंत त्याची कातडी थरारायची, आणि मग दोनेक सेकंदांनी आवाज यायचा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे फटाके सातशेएक मीटरवर उडत होते. हे गणित मी शाळेत शिकलो. शेरू शाळेत न जाता शिकला होता: चमकलं की आता येणार. एवढ्यात शेजारच्या काकांनी बाहेरून हाक मारली, ‘काय रे, तुमचा शेरू भ्यायला-बियायला नाही ना?’

‘छे हो काका,’ मी म्हणालो, ‘आमच्याला काही होत नाही.’

पुढचा धडा ‘सवय होईल’ हा. पट्टा मनगटाला गुंडाळून कुत्र्याला थेट आतषबाजीतच उभं करायचं. ज्या आवाजाला ताल नाही, वेळ नाही, जो कुठून येतो ते कळत नाही आणि ज्याच्यापासून पळताही येत नाही, त्याची सवय व्हायच्या ऐवजी धास्ती मुरत जाते, असं प्राण्यांच्या वागणुकीचे जाणकार म्हणतात. त्यांची स्वतःची पद्धत बघा किती कंटाळवाणी: एखाद्या शांत महिन्यात फटाक्यांचं ध्वनिमुद्रण इतकं हळू लावायचं की कुत्र्याचा फक्त कान हलेल, लगेच त्याच्या आवडीचा खाऊ द्यायचा, आणि आठवडेच्या आठवडे आवाज केसाकेसाने वाढवत न्यायचा. आपल्या पद्धतीत एका रात्रीत निकाल. वर एकावर तीन फुकट, कारण फटाक्याला घाबरणारा कुत्रा पुढे ढगांच्या गडगडाटाला, मग दार आपटण्याला, मग ताटली पडण्यालाही घाबरू लागू शकतो. फिनलंडमध्ये १३,७०० कुत्र्यांची पाहणी २०२० साली प्रसिद्ध झाली. चिंता-भीतीच्या तक्रारींत सगळ्यात पुढे आवाजाची धास्ती होती, ३२ टक्के. फिनलंड काही गोंगाटासाठी नावाजलेला देश नाही. तिथे एवढं जमलं, तर आपण मनावर घेतल्यावर काय होईल! आणि आयुष्यभर न घाबरलेला कुत्रा उतारवयात एकदम घाबरू लागला, तर त्याचे सांधे वगैरे दुखत असतील अशी शंका डॉक्टरांना येते. तुम्हाला येऊ देऊ नका. म्हातारचळ म्हणा.

एक जुना नियम मात्र छातीशी धरून ठेवा: घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घ्यायचं नाही, लाडावतो आणि अजून घाबरतो. भीती ही काही पंजा देण्यासारखी शिकवलेली कसरत नाही, शाबासकी दिल्याने ती वाढत नाही, हे आता बऱ्यापैकी मान्य झालेलं आहे. पण जुन्या नियमाची एक शान असते. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठातल्या संशोधक स्टेफानी रीमर यांनी बाराशेहून जास्त मालकांना काय उपयोगी पडलं ते विचारलं, तर प्रत्येक धडाक्यानंतर लगेच खाऊ द्यायचा किंवा खेळायचं, एवढ्या साध्या उपायाने फरक पडल्याचं तो करून पाहिलेल्यांपैकी सत्तरएक टक्क्यांनी सांगितलं. म्हणजे रात्रभर खिशात खाऊ घेऊन जमिनीवर बसायचं. मग फटाके कोण उडवणार?

औषधाचा विचार करायचाच असेल तर रात्री साडेआठनंतर, डॉक्टरांचा दवाखाना बंद झाल्यावर करावा. गाल आणि हिरडीच्या मधे लावायचं डेक्समेडेटोमिडीनचं जेल खास याच कामासाठी युरोपात २०१५ पासून मान्य आहे आणि अमेरिकेतही, हे आधी कळलं तर आधी जावं लागतं, कुत्रा तपासून घ्यावा लागतो, नसती कटकट. त्यापेक्षा एसप्रोमॅझीन जास्त सोयीचं. त्याने अंग लुळं पडतं आणि भीती जागच्या जागी राहते. कुत्रा धावत नाही, कण्हत नाही, दार खरवडत नाही, नुसता पडून सगळं ऐकतो. बरेच डॉक्टर आता एकट्या या औषधावर फटाक्यांची रात्र काढू नका म्हणतात. पण शांतता कोणाला हवी होती, कुत्र्याला की घरच्यांना, हे एकदा ठरवलं की हेच औषध बरं.

दार उघडं ठेवावं. येणारे-जाणारे असतात. कुत्रा सटकला तर ओळख पटवायला तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप असते, तिच्यावर १५ आकडी क्रमांक असतो, आणि तो क्रमांक तुमच्या चार वर्षांपूर्वी बंद पडलेल्या फोन नंबराशी जोडलेला असतो. छान व्यवस्था आहे.

इटलीतल्या कोलेक्यो गावाने २०१५ मध्ये कमी आवाजाच्याच आतषबाजीचा नियम केल्याचं तुमच्या कानावर घातलं जाईल. आकाशात रंग तेवढेच, दणका नाही. हसून सोडून द्या. दणका नाही तर आपण किती जाळलं हे लोकांना कळणार कसं? नेदरलँड्समध्ये नववर्षाच्या मध्यरात्री हजारो रानपक्षी एकदम उठून पाचशे मीटर उंचीपर्यंत गेलेले हवामानाच्या रडारवर दिसले, असंही कोणी सांगेल. ते पक्षी पाळीव नाहीत. या लेखाच्या कक्षेत येत नाहीत.

राहता राहिली दुसऱ्या दिवशीची सकाळ. कुत्रा नेहमीच्या वेळेला पलंगाखालून येणार नाही. आला तर दारापर्यंत येईल, उंबऱ्यावर थांबून हवा हुंगेल, आणि बाहेर न जाता परत फिरेल. आळशी म्हणा आणि कामाला लागा. न्हाणीघराच्या दाराची खालची कड तेवढी बघून घ्या. लाकूड सोलून निघालेलं असेल, तंतू बाहेर आलेले, एखाद्या खाचेत नखाचा कपचा रुतलेला. सुताराला बोलवा. तो उकिडवा बसून बोट फिरवेल, कपचा काढून तळहातावर ठेवेल, कोपऱ्यातल्या शेरूकडे बघेल आणि विचारेल, ‘हे काय झालं साहेब?’

‘जुनं दार आहे हो,’ म्हणा. ‘पत्रा ठोकून द्या.’